मारुतीच्या ओट्यावरचा डाव

आमच्या गावात मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यात एक काळा दगड बसवलेला होता आणि त्या दगडावर वाघ-बकरीचा पट कोरलेला होता. तो कोणी कोरला हे कोणाला माहीत नव्हतं. करणाऱ्याने स्वतःचं नाव टाकलेलं नाही अशी गावातली ती बहुधा एकच गोष्ट असावी. पट म्हणजे शाळेच्या पाटीवर डोंगर काढतात तसा एक त्रिकोण, टोकापासून खाली उतरणाऱ्या काही रेघा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा, आणि रेघा मिळतात तिथं बोट टेकेल एवढे खळगे. एकाकडे तीन वाघ, दुसऱ्याकडे पंधरा बकऱ्या. वाघाने बकरीवरून उडी मारली की बकरी मेली. बकऱ्यांनी दाटीवाटी करून वाघांना असं कोंडायचं की त्यांना हलायला जागा उरू नये. बुद्धिबळात राजा असतो, वजीर असतो, केवढा तरी लवाजमा असतो. इथं एका बाजूला भूक आणि दुसऱ्या बाजूला गर्दी. मला हा खेळ त्यामुळे जास्त खरा वाटत आला आहे.

आमच्याकडे वाघ म्हणजे खापराचे तुकडे आणि बकऱ्या म्हणजे चिंचोके. ते देवळाच्या कोनाड्यात एका पत्र्याच्या डबीत असायचे. खेळायला कोणीही मोकळा होता, पण दुपार कलल्यानंतर तो दगड दोघांचाच असे. एक माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, आणि दुसरे त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका. हे दोघे रोज समोरासमोर बसत, दिवस मावळेपर्यंत खेळत, आणि एकमेकांशी बोलत नसत. वर्षानुवर्षे.

अबोल्याचं कारण विहीर. वाटण्या झाल्या तेव्हा शेत वाटलं गेलं, विहीर सामाईक राहिली. एक दिवस दादांचा, एक दिवस काकांचा. दोघांच्याही मोसंबीच्या बागा. मग तो मोठा दुष्काळ आला. विहिरीतलं पाणी घटकाभर पुरायचं आणि लाइट कधी येईल याचा नेम नसायचा. दादांच्या दिवशी लाइट आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली, म्हणून दादा मोटार चालू करायला गेले, तर काकांनी ती आधीच चालू केलेली. दादांचं म्हणणं, पाळी पाण्याची असते; पाणी मिळालं नाही म्हणजे पाळी बाकी राहिली. काकांचं म्हणणं, पाळी दिवसाची असते. दिवस गेला, पाळी गेली. त्या उन्हाळ्यात हे इतक्यांदा घडलं की वीज मंडळाने काकांकडून सुपारी घेतली आहे असं आमच्या आईला खरोखरच वाटू लागलं होतं. मी आयुष्यात बरंच काही वाचलं, न्याय म्हणजे काय यावरचे जाडजूड ग्रंथही चाळले. या प्रश्नाचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. दोघंही बरोबर होते, आणि काकांची बाग जगली, दादांची वाळली.

वाळलेली झाडं तोडून बांधावर रचली त्या दिवसापासून दादांनी भावाशी बोलणं बंद केलं. पण त्याच दुपारी ते नेहमीसारखे ओट्यावर गेले. काका आधीच तिथं बसलेले होते. दादा समोर बसले आणि त्यांनी डबी उघडली. मी नोकरीला जालन्यात होतो, तेव्हा सुट्टीत आलो होतो आणि लांबून पाहत होतो. माझी समजूत अशी की आता काहीतरी होणार. काहीच झालं नाही. आदल्या दिवशी वाघ दादांकडे होते, म्हणून आज काकांनी खापरं घेतली आणि दादांनी चिंचोके.

त्या अबोल खेळाला शिस्त मात्र होती. डाव संपला की वाघ बदलायचे. अंधार पडला आणि डाव अर्धा राहिला, तर तो तसाच दगडावर ठेवून दोघं घरी जात, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. मागचा डाव संपल्याशिवाय नवा मांडायचा नाही. शनिवारी मारुतीला तेल घालायला येणाऱ्या बायासुद्धा त्या दगडाला वळसा घालून जात. गावात बांध कोरणारे, रस्त्यात ओटा वाढवणारे खूप होते, पण कोणी एक चिंचोका हलवल्याचं मला आठवत नाही.

डावात तंटा झालाच तर मध्ये चाचा असायचे. ओट्याला लागून त्यांची शिलाई मशीन होती. ते दादांना बडे भाई म्हणत आणि काकांना छोटे.

"चाचा, विचारा त्याला, बकरीला हात लावला का न्हाई," दादा म्हणत.

चाचा मशीनवरून मान वर न करता म्हणत, "छोटे, बडे भाई विचारून राह्यले, हात लावला का?"

"माशी हाकलत होतो म्हणावं."

"माशी होती म्हणतात."

"माशी बराबर ह्याच्या अडचणीच्या टायमालाच कशी येती?"

"हे पण सांगू का?"

"हे नका सांगू."

"ऐकलंय म्हणावं," काका म्हणत, आणि चाल करत.

त्या दोघांमध्ये भाऊ म्हणून जे काही शिल्लक होतं ते त्या दगडावर होतं. ते आम्हा सगळ्यांना कळत होतं, म्हणून दोन्ही घरांतलं कोणी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. काकू दुपारी काकांना लवकर चहा देई, आई दादांची टोपी खुंटीवरून काढून दारात आणून ठेवी. दोन्ही घरांतल्या बायकांनी न ठरवता पाळलेला तो तह होता.

मग मारुतीचा जीर्णोद्धार झाला.

आमच्या भागात एक पुढारी आहेत. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. सख्ख्या भावांशी त्यांची कोर्टात तारीख पे तारीख चालू आहे, पण तालुक्याचे ते भाऊ आहेत. त्यांनी देवळाला ग्रॅनाइट बसवायचं मनावर घेतलं. स्टीलचं रेलिंग आलं, झुंबर आलं, पायऱ्यांवर देणगीदारांच्या नावांच्या फरशा आल्या, त्यामुळे आता मारुतीपर्यंत जायचं तर गावातल्या सगळ्या दानशूर मंडळींना तुडवत जावं लागतं. जुना ओटा जेसीबीने एका सकाळीत काढला. दुपारी दादा आणि काका नेहमीच्या वेळेला दोन दिशांनी आले तेव्हा तिथं खड्डा होता. दोघंही खड्ड्याच्या दोन कडांना थोडा वेळ उभे राहिले आणि आल्या वाटेने परत गेले.

दगडाचा शोध चाचांनी लावला. ग्रामपंचायतीपुढच्या नालीवर तो झाकण म्हणून टाकलेला होता, कोरलेली बाजू खाली. मी जाऊन ग्रामसेवकाला विचारलं, दगड परत मिळेल का. उत्तर मिळालं की नाली आता सार्वजनिक मालमत्ता आहे, झाकणासकट. ठराव घ्यावा लागेल. ठराव कधी येईल? सभा होईल तेव्हा. सभा कधी होईल? त्यावर ते गृहस्थ माझ्याकडे ज्या दयेने पाहत राहिले ती मी अजून विसरलो नाही.

मी जालन्यातल्या एका सुताराकडून सागवानी पाट करून घेतला. त्याने त्यावर रेघा सुरेख कोरल्या, खळगे गोल केले, पॉलिश केलं. दादांनी त्यावरून हात फिरवला.

"चांगला हाय. मांडायचा कुठं?"

मी म्हणालो, घरी. पण काका आमच्या उंबऱ्याच्या आत येणार नव्हते आणि दादा त्यांच्या. मग मी म्हणालो, चाचांच्या दुकानात मांडा. चाचांनी आनंदाने जागा केली आणि काकांकडे निरोप नेला. निरोपाचं उत्तर एका वाक्यात आलं.

"छोटे विचारून राह्यले," चाचा म्हणाले, "पाट कोणाचा?"

मारुतीच्या ओट्यावर दोघंही मारुतीचे पाहुणे होते. पाटाला मात्र मालक होता, आणि तो थोरल्या भावाचा मुलगा होता. हा पाट चाचांचाच समजा, असंही मी सांगून पाहिलं. काकांनी कळवलं की लाकूड कोणी आणलं ते सगळ्या गावाला माहीत आहे. पाट आमच्या कपाटावर जाऊन पडला. दुपारी दादा टोपी घालून दारात बसत. आई टोपी देत नव्हती, ते स्वतः उठून घेत.

वर्षभर दोघा भावांची गाठ पडली नाही. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर.

मग निवडणुका जवळ आल्या आणि भाऊंना परंपरेची आठवण झाली. देवळापुढच्या मोकळ्या जागेत, म्हणजे ओटा होता तिथंच, त्यांनी पारंपरिक खेळांचा महोत्सव भरवला. ज्या माणसाने वाघ-बकरीचा दगड नालीवर घातला त्यानेच वाघ-बकरीचा फ्लेक्स छापून आणला. पट जमिनीवर अंथरायचा होता आणि मधोमध, बकऱ्यांना जाण्या-येण्यात अडथळा होईल अशा जागी, भाऊंचा हात जोडलेला फोटो होता. उद्घाटनाचा डाव दादा आणि काका खेळणार, असं कार्यकर्ते सांगून गेले.

मला वाटलं दोघंही नाही म्हणतील. दोघंही हो म्हणाले. मला कारण कळायला वेळ लागला. तो फ्लेक्स ना दादांचा होता, ना काकांचा. जागा पुन्हा कोणाचीच नव्हती. दादांनी सकाळीच दाढी केली, धुतलेली टोपी घातली आणि कोनाड्यातली जुनी डबी खिशात टाकली. देवळाच्या रंगकामात ती फेकली जाताना चाचांनी उचलून ठेवली होती आणि दादांना आणून दिली होती. ते सत्काराला जात नव्हते. ते खेळायला जात होते.

तिथं डबीचं काही काम नव्हतं. प्लॅस्टिकचे वाघ आणि प्लॅस्टिकच्या बकऱ्या तयार होत्या. दोघांना शाल आणि नारळ मिळाला आणि शाल अंगावर ठेवूनच खेळा, फोटो चांगले येतात, असं सांगण्यात आलं. वाघांची पाळी कोणाची हा प्रश्न आला नाही. दोघांनाही ती पाठ होती. दादांनी वाघ घेतले. माइकवरच्या निवेदकाला खेळ येत नव्हता, त्यामुळे तो "काय चाल आहे, काय चाल आहे" एवढंच सांगत होता. दादा आणि काका मात्र थोड्या वेळात त्या गोंगाटाच्या बाहेर गेले. चाल, मग चाल. काकांनी दोन वाघ कोंडले. तिसऱ्याला एकच वाट उरली. चाल काकांची होती.

तेवढ्यात भाऊ उठले. त्यांना पुढं पिंपळगाव रेणुकाईला दुसरा कार्यक्रम होता. जाण्याआधी त्यांना एक चांगलं काम करायचं होतं. कोणीतरी त्यांच्या कानात या दोघांच्या अबोल्याबद्दल सांगितलं होतं.

"मंडळी," भाऊ माइक घेऊन म्हणाले, "हे दोघं सख्खे भाऊ. कित्येक वर्षं बोलत नाहीत. आज मारुतीरायाच्या साक्षीने आपण ही दिलजमाई करणार आहोत. दादा, काय सांगाल धाकट्या भावाला? मनात ठेवू नका. बोला."

आणि त्यांनी माइक दादांच्या तोंडापुढं धरला.

मी आमच्या लोकांना ओळखतो. त्यांना एकांतात बोलता येत नाही आणि चारचौघांत गप्प बसता येत नाही. दादांनी माइककडे पाहिलं, मग पटाकडे, आणि पटाकडेच पाहत म्हणाले, "हितं डाव ऱ्हायला तर उद्यावर जात व्हता. मंग हिरीवरची पाळी उद्यावर का जात न्हवती?"

आवाज कर्ण्यावरून सगळ्या गावात गेला. मला त्या क्षणी कळलं की ते एवढी वर्षं दगडासमोर बसून हाच प्रश्न मांडत होते. रोज अर्धा डाव जसाच्या तसा ठेवून घरी जाणं म्हणजे काकांना रोज विचारणं होतं.

माइक काकांपुढं गेला. काकांनी वेळ घेतला नाही. बहुधा त्यांचंही उत्तर तेवढ्याच वर्षांचं होतं.

"चिंचोक्याच्या बकऱ्यांना पाणी लागत न्हाई," ते म्हणाले.

लोक हसले. मागं बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. उत्तर चांगलं होतं, हे मलाही मान्य आहे. भाऊंनी दोघांचे हात धरून एकमेकांत दिले, फोटो झाला, आणि भाऊ गाडीत बसले. त्यांच्या मागोमाग मंडपवाल्याने फ्लेक्स गुंडाळला, वाघ-बकऱ्यांसकट. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली की भाऊंच्या पुढाकाराने दोन भावांचा दुरावा संपला.

दुरावा तिथून पुढं सुरू झाला. न बोलता खेळता येत होतं. बोलल्यावर खेळता येईना.

पावसाळ्यानंतर काका आजारी पडले. जालन्याच्या दवाखान्यात काही दिवस ठेवलं आणि मग घरी आणलं, याचा अर्थ गावात सगळ्यांना कळतो. दादा भेटायला गेले नाहीत. आई एकदा म्हणाली, "जाऊन तर या." ते म्हणाले, "बोलावलं न्हाई." एका रविवारी मी घरी होतो, तेव्हा चाचा आले.

"बडे भाई, छोटेंनी चाल सांगितली हाय."

दादांनी मान वर केली.

"फ्लेक्सवरचा डाव. त्यांची चाल ऱ्हायल्ती ना, ती." चाचांनी बोटाने हवेत पट काढला आणि चाल सांगितली.

दादांनी मला कपाटावरचा पाट काढायला लावला. डबी उघडली आणि एकदाही न अडखळता सगळा डाव मांडला: दोन कोंडलेले वाघ, तिसऱ्याची एक वाट, बकऱ्या जिथल्या तिथं. त्यावर काकांची चाल केली. आणि पाहत बसले.

काकांनी वाट बंद केली नव्हती. ती एका चालीत बंद होत होती, डाव तिथंच संपत होता. त्याऐवजी त्यांनी भलतीच बकरी सरकवली होती आणि दुसरी एक उघडी पाडली होती. वाघाने नुसती उडी मारायची होती.

"खाऊन टाका की," मी म्हणालो.

"चूक न्हाई ही," दादा म्हणाले. "तो चूक करत न्हाई."

"तापात असतील."

"तापात न्हाई." मग उघड्या बकरीकडे बोट दाखवून म्हणाले, "मला देऊन राह्यला का गुतवून राह्यला, तेच कळंना."

आठवडा गेला. मी पुढच्या रविवारी आलो तर पाट तसाच, दादा तसेच. उडी मारली तर पुढं काय होतं, मग काकांची चाल कोणती, मग आपली कोणती, हे ते चिंचोक्यांना हात न लावता मनात खेळत होते. माणूस आपल्याला काही देत आहे की पकडत आहे हे ठरवायला इतका वेळ लागावा, एवढी त्या दोघांची ओळख पक्की होती. चाचा पुन्हा आले.

"बडे भाई, चाल सांगा. जल्दी सांगा. तब्येत बिलकुल बराबर न्हाई."

"चाल माझी हाय ना आता?"

"तुमचीच हाय."

"मंग करीन. पाळीला दिवस नसतो, म्हणावं त्याला."

चाचांनी विचारलं, "हे सांगू का?"

"सांगा."

चाचांनी सांगितलं. नंतर मी त्यांना विचारलं, काका काय म्हणाले. चाचा म्हणाले, "छोटे हसले, आणि मंग भिंतीकडं तोंड केलं."

त्यानंतर दोन-तीन दिवसांत काका गेले. दादांनी खांदा दिला. घरी येऊन अंघोळ केली आणि पाटासमोर बसले. वाघ त्यांनी उचलला नाही. चाल बाकीच राहिली.

यंदा पुन्हा महोत्सव आहे. भाऊ निवडून आले आहेत. या वेळी काकांच्या नावाने चषक ठेवला आहे आणि फ्लेक्सवर भाऊंच्या फोटोखाली, थोडा लहान, काकांचा फोटो छापला आहे. गेल्या आठवड्यात भाऊ स्वतः कार्यकर्त्यांसह आमच्या घरी आले. चाचाही दादांची बंडी द्यायला आलेले होते. भाऊंनी खुर्ची पुढं ओढली, कोणीतरी मोबाइल वर धरला.

"दादा, उद्घाटनाचा डाव तुमच्या आमच्यात," भाऊ म्हणाले. "वाघ आम्ही घेतो, तुम्ही बकऱ्या घ्या."

"माझा एक डाव चालू हाय," दादा म्हणाले. "तो संपल्याशिवाय नवा मांडत नसतो."

"असं? कोणासंगं चालू आहे?"

"तुमच्या फ्लेक्सवर हाय तो."

भाऊ हसले, कारण मोबाइल चालू होता. मग चहा न घेता उठले. गाड्या गेल्या, धूळ बसली. दादा पाटासमोर तसेच. भाऊंनी येताच दादांच्या अंगावर घातलेली नवी शाल आईने उचलून घडी केली आणि मागच्या वर्षीच्या शालीवर ठेवली.

बऱ्याच वेळाने दादा पटाकडे पाहत म्हणाले, "पाळी दिवसाचीच असती."

"हे सांगू का?" चाचा सवयीने म्हणाले.

मग त्यांनी बंडी खाटेवर ठेवली आणि बाहेर जाऊन चपला शोधू लागले. त्या दारातच होत्या.